झुराकानने मोजलेले दहा किलोमीटर

रस्तेखात्यातून निवृत्त होताना कुणी भिंतीवरचं घड्याळ मागतं, कुणी गालिचा. झुराकानने पोलादी टेप मागितला. पन्नास मीटरचा, पस्तीस वर्षं तिच्याच हातांनी उलगडलेला आणि गुंडाळलेला.

"एजे, घरी काय मोजणार याने?" साहेबाने विचारलं. तिच्याहून लहान असलेले सगळेच तिला एजे म्हणत, म्हणजे ताई.

"नवऱ्याच्या थापा," झुराकान म्हणाली, आणि टेप पिशवीत टाकून चालू लागली.

नवरा साटिबाल्डी. कारा-ओरुक गावात बेकरीची पावाची गाडी चालवायचा. वय साठ, पोट बेताचं, पाय अजून हरणासारखे. पण गावात त्याला साटिबाल्डी म्हणणारं कुणी नव्हतं. लहानथोर सगळे त्याला 'आठ सेकंद' म्हणत. "आठ सेकंद आले का पाव घेऊन?" "आठ सेकंद, आज उशीर केलात, आठ मिनिटं झाली!"

त्याचं असं झालं होतं. दर जुलैमध्ये जर्दाळू पिकले की तळ्याकाठच्या रस्त्यावर दहा किलोमीटरची दौड व्हायची. सत्याऐंशी साली वरून सरकारी पाहुणे आले होते. जो बत्तीस मिनिटांच्या आत येईल त्याला खेळाडूचा दर्जा, आणि राजधानीच्या क्रीडासंस्थेत जागा. चोवीस वर्षांचा साटिबाल्डी जीव तोडून पळाला आणि बत्तीस मिनिटं आठ सेकंदांनी चौकात पोचला. पाहुणे जेवून निघून गेले. तो गावातच राहिला, पावाच्या गाडीवर बसला, दोन वर्षांनी रस्तेखात्यातल्या मुलीशी लग्न केलं.

ही गोष्ट त्याने छत्तीस वर्षं प्रत्येक मेजवानीत सांगितली. सुरुवातीला त्या आठ सेकंदांना कारण होतं बुटाची सुटलेली नाडी. पुढे रस्त्यात कुत्रं आडवं आलं. मग गाय. गेल्या साली भाचीच्या लग्नात एक अख्खी वरात आडवी आली होती, आणि नवरीने त्याला थांबवून बोर्सोक खायला लावले होते. तळलेल्या पिठाचे ते टपोरे तुकडे त्याच वेळी त्याच्या तोंडात असल्यामुळे सांगताना वरातीत चांगलीच जान आली होती.

"आठ सेकंदांत किती बोर्सोक खाल्लेत?" झुराकानने भर मांडवात विचारलं.

"तीन. चौथा खिशात ठेवला."

झुराकानला निवृत्त होऊन महिना झाला नसेल, तोच शाळेतला कवायतीचा मास्तर मेदेत दारात उभा राहिला. दौड आता तोच भरवत असे, आणि गेली तीन वर्षं तोच जिंकतही असे.

"एजे, आपली दौड मोठ्या यादीत घालायचीय. मग बाहेरचे धावपटू येतील, त्यांची वेळ सगळीकडे धरली जाईल. पण यादीवाल्यांचं म्हणणं, आधी रस्ता मोजून दाखवा."

"आजवर कुणी मोजला होता?"

"चौऱ्याऐंशी साली. सामुदायिक शेताच्या जीपने. काट्यावर पाच किलोमीटर झाले तिथे एक खिळा ठोकला. तिथून वळायचं आणि चौकात परत यायचं."

झुराकानच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. पस्तीस वर्षं जिने पुलाच्या कठड्याचाही सेंटीमीटर सोडला नाही, तिच्या स्वतःच्या गावातला रस्ता जीपच्या काट्यावर उभा होता.

"जीप?" ती म्हणाली. "जीप म्हणजे माप झालं?"

मेदेतने मग समजावलं की जगभर हे काम सायकलवर होतं. पुढच्या चाकाला काडेपेटीएवढं यंत्र लावायचं, चाक फिरेल तसे त्यावरचे आकडे सरकतात. आधी टेपने तीनशे मीटर अचूक आखायचे, त्यावर सायकल चालवून किती आकडे होतात ते पाहायचं, आणि मग त्या हिशेबाने सगळा रस्ता मोजायचा. अल्माटी शहरात तीन दिवसांचा वर्ग होता. कुणीतरी मोजणीतलं जायला हवं.

"बाकी सगळं येतं मला," झुराकान म्हणाली. "सायकल येत नाही."

त्या एप्रिलमध्ये जर्दाळूची बाग फुलांनी पांढरीगुलाबी झालेली असताना कारा-ओरुकने एक तमाशा पाहिला. अठ्ठावन्न वर्षांची झुराकान डोक्याला रुमाल बांधून सायकलवर, आणि मागे सीट धरून पळणारा आठ सेकंद.

"पुढे बघ, म्हातारे! चाकाकडे काय बघतेस?"

"मोजायचं चाकच आहे ना!"

"सोडू का?"

"सोडलंत तर घरात पाऊल ठेवू देणार नाही!"

त्याने केव्हाच सोडलं होतं. तो बराच मागे, एका झाडाला टेकून धापा टाकत हसत होता, आणि झुराकान कुणी न धरता त्याला शिव्या घालत बागेतून चालली होती. वळून पाहिल्यावर तिला ते कळलं, आणि ती थेट शेजारणीच्या कुंपणात घुसली. शेजारीण गुलसून धावत बाहेर आली. झुराकान कुंपणात आडवी, केसांत फुलं, आणि तिला हसू आवरेना. "गुलसून, मी चालवली," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या दिवसापासून ती दुकानातसुद्धा सायकलवर जाऊ लागली. दुकान समोरच्याच दारी होतं, म्हणून गावाला वळसा घालून जायची.

मात्र सायकल शिकवणाऱ्याच्या मनात धाकधूक होती. रस्ता कमीच भरणार याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती, कारण आजवर वरून आलेली कुठलीच गोष्ट पुरी भरली नव्हती. रस्ता कमी निघाला म्हणजे सगळ्यांच्याच वेळा खोट्या. बेकरीवाली अभिमानाने सांगायची की तिने चव्वेचाळीस मिनिटांत दौड पुरी केलीय. मेदेतच्या तीन ट्रॉफ्या होत्या. आणि आठ सेकंदांचे?

"तीनशे मीटर कमी निघाला तर माझे आठ सेकंद एक मिनिटाच्या वर जातील," तो जेवताना म्हणाला. "मग लोक मला काय म्हणणार? 'मिनिट'? हे काय माणसाचं नाव आहे?"

"जे भरेल ते भरेल," झुराकान म्हणाली.

"थोडं सैल हाताने मोजलंस तर?"

तिने पातेलं त्याच्यापुढून उचललं. त्याने मुकाट्याने आपली ताटली पुसून खाल्ली.

अल्माटीहून ती यंत्र घेऊन आली आणि जूनच्या एका रविवारी पहाटे कामाला लागली. शाळेसमोरच्या सरळ रस्त्यावर तिने टेप ताणला, ताणकाट्याने ओढ पाहिली, हवेची उष्णता लिहून घेतली, कारण पोलाद उन्हात वाढतं आणि थंडीत आखडतं. तीनशे मीटर आखले. त्यावर चार फेऱ्या मारल्या. एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढलं, त्यावर हजारात एक वाढवला. धान्य मोजून झाल्यावर दुकानदार वर चिमूट टाकतो तसं, म्हणजे रस्ता चुकूनही कमी पडायला नको. दहा किलोमीटरचे झाले एक लाख दहा हजार पाचशे दहा. हा आकडा तिने बॉलपेनने तळहातावर लिहिला.

पोलिसांची गाडी तयार होती. शिपाई एल्दियारला फक्त एवढंच सांगितलं होतं की मागे राहा आणि दिवा चालू ठेव. बाकी त्याला काहीच माहीत नव्हतं. झुराकानने चौकातून सायकल काढली, पहिल्या वळणाशी आतल्या कडेला फूटभर अंतर ठेवून घासत गेली, आणि तिथून रस्ता तिरका कापत थेट पलीकडच्या कडेला, समोरून गाड्या येतात त्या बाजूला. पुढचं वळण आलं, पुन्हा तिरकी या कडेला.

गाडीच्या कर्ण्यातून एल्दियारचा आवाज अख्ख्या तळ्यावर घुमला, "एजे! सरळ चालवा!"

"सरळच चालवतेय!" झुराकान मान न वळवता ओरडली. "रस्ता वाकडा आहे!"

"तुम्ही उलट्या बाजूने चाललाय!"

"पळणारा माणूस जवळची वाट धरणार ना? मग तीच मोजायची! तू दिवा बघ तुझा!"

रस्त्याकडेच्या घरांची दारं उघडू लागली. लोकांनी काय पाहिलं? डोक्याला रुमाल, छातीवर शिट्टी, रस्तेखात्याचं नारिंगी जाकीट, अशी झुराकान या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात चाललेली, आणि मागे निळा दिवा लावून पोलीस. एका बाकावरच्या म्हातारीने दोन्ही हात गालांना लावले.

"अगं बाई, झुराकानला पकडलं!"

"सकाळी सकाळी कुमिस प्यायली वाटतं," दुसरी म्हणाली. घोडीचं आंबवलेलं दूध त्या आठवड्यातच डोंगरावरून आलं होतं, आणि चांगलं चढतं होतं.

"पळ, झुराकान, पळ!" कुणा तिसऱ्याने ओरडून सांगितलं. "थांबू नकोस!"

झुराकानने पायडल आणखी जोरात मारलं. जन्मभर ती या रस्त्याच्या कडेने चालली होती, ट्रकची धूळ खात, पिशव्या सांभाळत. आज सगळा रस्ता तिचा. डावीकडे तळं चकाकत होतं, उजवीकडे बर्फाचे डोंगर, खाली आकडे टिकटिक करत सरकत होते, आणि पोलीस तिला हटकायच्या ऐवजी समोरचे ट्रक थांबवत होता. ती मोठ्याने हसली. हसताना हँडल हललं, म्हणून तिने ओठ दातांत दाबून धरले.

खिळ्यापाशी वळून ती परत निघाली तेव्हा मेंढ्यांचा एक कळप रस्त्यात होता. मेंढपाळ घोड्यावरून तिच्याकडे आ वासून पाहत राहिला.

"बाजूला घ्या! मापात आहे!"

"काय मापता, एजे?"

"रस्ता!"

"मग सोबत मेंढ्याही मोजा, दोन कमी आहेत!"

एल्दियारने कर्णा वाजवला आणि पांढऱ्या मेंढ्या दोन्ही बाजूंना पसरल्या. मधून झुराकान सूं करत गेली.

चौकात सगळं गाव जमलं होतं. मेदेत वही घेऊन उभा. बेकरीवालीने फळीवर पाव मांडले होते. आठ सेकंद पावाच्या गाडीच्या टपावर चढून बघत होता. लांब, औषधांच्या दुकानापाशी, नारिंगी जाकीट दिसलं. आणि थांबलं.

झुराकानने पाय टेकला होता. यंत्राकडे पाहिलं, तळहाताकडे पाहिलं, पुन्हा यंत्राकडे. मग ती तशीच उभी राहिली, भर रस्त्यात, औषधांच्या दुकानासमोर.

"काय झालं?" चौकात कुजबुज सुरू झाली. "चाक फुटलं?" "दम लागला." "या वयात कशाला नादी लागायचं!"

आठ सेकंद टपावरून उतरला आणि पळत सुटला. साठीचा माणूस, पण काय पळाला! धापा टाकत तिच्यापाशी पोचला.

"म्हातारे, काय होतंय? छातीत दुखतंय?"

"संपले," झुराकान म्हणाली.

"काय संपलं?"

"दहा किलोमीटर."

त्याने बोट पुढे केलं. "चौक तर तिकडे आहे."

"चौक तिकडेच आहे. दहा किलोमीटर इथे संपले."

त्याने चौकाकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं, पायाखालच्या डांबराकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा असा काही पसरला की झुराकानला वाटलं, आता कान गळून पडतील.

"म्हणजे आम्ही जास्त पळायचो?"

"गप्प बसा. अजून काही ठरलं नाही. पुन्हा मोजणार."

तिने पुन्हा मोजलं. तीच दहा किलोमीटर, तीच वळणं, तोच एल्दियार. तो आता अगदी तयार झाला होता आणि कर्ण्यातून "एजे, आता डावी कड घ्या, जवळ पडेल!" असं सुचवू लागला होता. मग तीनशे मीटरवर पुन्हा चार फेऱ्या, कारण उन्हात टायर फुगतं आणि आकडे सरकतात. दहा वाजले. चौकातला पाव संपला, चहाच्या तीन किटल्या संपल्या, घरी कुणीच गेलं नाही. शेवटी तिने औषधांच्या दुकानापासून चौकातल्या रेषेपर्यंत आपला टेप ताणला, आणि सगळं गाव टेपच्या बाजूने खाली वाकून चाललं.

"एकशे छत्तीस मीटर," झुराकानने जाहीर केलं. "रस्ता एकशे छत्तीस मीटर जास्तच लांब आहे."

मग मेदेतने खडू काढला आणि तिथेच डांबरावर बसून हिशेब मांडला. सत्याऐंशी साल, बत्तीस मिनिटं आठ सेकंद, त्यातून एकशे छत्तीस मीटरांचे सव्वीस सेकंद वजा. त्याने उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"एकतीस मिनिटं बेचाळीस," तो उठून म्हणाला. "साटिबाल्डी बाइके, तुम्ही अठरा सेकंद राखून पास झाला होतात."

बाइके म्हणजे दादा. कितीतरी वर्षांनी त्याला कुणी चारचौघांत नावाने हाक मारली होती.

मग जो गोंधळ झाला तो काही विचारू नका. प्रत्येकाला आपला हिशेब हवा होता. बेकरीवालीचे पस्तीस सेकंद कमी झाले आणि ती "त्रेचाळीस! त्रेचाळीस!" करत पोलिसाला मिठी मारून आली. मेदेत स्वतः इतका वेगवान निघाला की त्याने खडू खाली टाकून चौकाला एक चक्कर मारली. कधीकाळी मधूनच पळणं सोडलेल्या एकाने, मी नक्की कुठे सोडलं होतं ते मोजून द्या, असा हट्ट धरला. गुलसून डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत आली. "माझा नवरा असता तर... एक्याण्णव साली एक्केचाळीस मिनिटं होती त्याची." मेदेतने तिच्यासाठी सावकाश, दोनदा हिशेब केला. चाळीस मिनिटं सत्तावीस. तिने आकडा कागदावर लिहून घेतला आणि घडी करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. "त्याला वाटायचंच," ती म्हणाली, आणि हसतानाच रडली.

मग जीपचा जुना ड्रायव्हर इमानकुल काठी टेकत पुढे आला. वय ब्याऐंशी, डोक्यावर उंच पांढरी टोपी.

"मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही," तो म्हणाला. "त्या साली जीपला टायर मिळत नव्हते. मी ट्रेलरचे बसवले. अंमळ मोठे होते. मोठं चाक कमी फिरतं, मग काटाही कमी दाखवतो."

"एकोणचाळीस वर्षं गप्प बसलात, अक्सकाल?" मेदेत किंचाळला. अक्सकाल म्हणजे गावातलं मानाचं म्हातारं माणूस, म्हणून किंचाळतानाही मान राखला.

"गाडी चांगली चालायची," इमानकुल म्हणाला.

दुपारी झुराकान घरी आली तेव्हा साटिबाल्डी बागेत खाटेवर बसला होता. पुढ्यातला चहा गार झाला होता. ती शेजारी टेकली. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या, आणि डोळे मिटले की अजूनही रस्ता हलत होता.

"राग आला?" तिने विचारलं.

"मघाशी दुकानामागे जाऊन त्या म्हाताऱ्याच्या टायरांना दहा शिव्या दिल्या," तो म्हणाला. "मग मनात आलं, टायर बरोबर असते तर मी राजधानीला गेलो असतो."

"हो."

"तिकडे पळणाऱ्या मुली असतात. लांब पायांच्या."

"असतात."

"त्यातल्या एकीशी लग्न झालं असतं. घरात दोघंही पळत असतो, स्वयंपाक कुणी केला असता?"

झुराकानने हिशेब करायला सुरुवात केली आणि तिला गरगरलं. ट्रेलरची चाकं. त्यांच्यामुळे एकशे छत्तीस मीटर, त्यांच्यामुळे आठ सेकंद, त्यांच्यामुळे पावाची गाडी, आणि रोज सकाळी रस्तेखात्याच्या फाटकात गरम पाव घेऊन येणारा हा चिडका, सडपातळ मुलगा. त्यांच्यामुळे तीन मुलं, पाच नातवंडं. सगळा संसार चार मोठ्या टायरांवर उभा होता!

"ते टायर कुठे आहेत आता?" तिने विचारलं.

"कशाला?"

"त्यांच्यावर गोड गोळ्या आणि बोर्सोक उधळायला हवेत. नवरीवर उधळतात तसे."

साटिबाल्डी आधी नुसता खांदे हलवत हसला, मग मोठ्याने, मग खाटेवर आडवा पडून. तीही हसत सुटली. कुंपणावरून गुलसूनने डोकावून विचारलं की काय झालं, तर दोघांनाही सांगता येईना.

जुलैमध्ये दौड झाली. त्याआधी झुराकानने वळणाचा जुना खिळा उपटला आणि अडुसष्ट मीटर अलीकडे नवा ठोकला, म्हणजे शेवट चौकातच राहिला. बाहेरून चाळीस धावपटू आले. मेदेत सातवा आला आणि तरीही खूश होता, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो खरे दहा किलोमीटर पळाला होता. साटिबाल्डीनेही नाव दिलं होतं. त्याला एक्कावन्न मिनिटं लागली, आणि संध्याकाळच्या जेवणात त्याने सांगितलं की रस्त्यात वरात आडवी आली होती. यंदा मात्र लोक ऐकेनात. त्यांना सायकलची गोष्ट हवी होती, झुराकानच्या तोंडून, मेंढ्यांसकट.

नावाचा प्रश्न तसाच राहिला. काही दिवस लोक त्याला 'उणे अठरा' म्हणून बघत होते, पण ते जिभेवर बसेना. शेवटी गावाने त्याला झुराकानचा नवरा म्हणायला सुरुवात केली. त्याची तक्रार नव्हती.

ऑगस्टपासून झुराकानला बोलावणी येऊ लागली. डोंगरापलीकडच्या एका गावाला आपली दौड मोजून हवी होती, मग दुसऱ्या. बेकरीने रविवारी गाडी वापरायला दिली. मागे पावाच्या फळ्यांवर सायकल झोपवायची, टेप, ताणकाटा, चहाचा थर्मास, आणि निघायचं.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी ती एका घाटातून खाली येत होती. तिकडच्या लोकांना दौड उतारावरच हवी होती. पोलीस आला नव्हता, म्हणून मागे पावाची गाडी, दिवे लावून. उतार तीव्र, वारा पाठीवर, रुमाल मागे फडफडतोय. ती या कडेहून त्या कडेला, तिथून पुन्हा या कडेला कापत गेली, आणि आकडे इतक्या वेगाने पळायला लागले की ते वाचता येईनात.

"म्हातारे!" साटिबाल्डीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हळू! ब्रेक दाब!"

"दाबला तर चाक घसरेल!" ती ओरडली. "मोजणी जाईल!"

"जाऊ दे मोजणी!"

हे त्याने जन्मात पहिल्यांदा म्हटलं होतं, आणि झुराकानला एवढं हसू आलं की पुढच्या वळणाला ती फूटभराऐवजी दीड फूट बाहेरून गेली. खाली पोचल्यावर तिने ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलं, सायकल वळवली, आणि तो घाट पुन्हा मोजायला वर निघाली.